नाशिकचीं लेणीं व चीनचीं लेणीं

गेल्या हिवाळ्यांत आमच्या वर्गाची सहल पांडवलेण्यांस गेली होती. नाशिकच्या मुलांस पांडवलेणीं कांहीं नवीं नाहींत. शहरापासून मुंबई-आग्रा रस्त्यानें सुमारें आठ किलोमीटर गेलें म्हणजे निमुळत्या माथ्याचा तो डोंगर समोर उभा राहतो, व त्याच्या कमरेस पट्टा बांधावा तशी लेण्यांची काळसर ओळ दिसूं लागते. जी वस्तु येतां-जातां नेहमीं दृष्टीस पडते, तिजकडे कोणी निरखून पाहत नाहीं, हा मनुष्यस्वभावच आहे. आम्हीही डबे व चेंडू घेऊन निघालों होतों. वह्या मात्र फार थोड्यांनीं घेतल्या होत्या.

दहाव्या लेण्याच्या ओसरींत आम्ही विसांवा घेत बसलों असतां आमच्यापैकीं एकानें कर्कटक काढून त्याच्या टोंकानें एका खांबाच्या बुंध्यावर आपलें नांव कोरण्यास आरंभ केला. कोरणारा एक होता, व पाहणारे आम्ही दहा-बारा जण होतों. कोणीही त्यास अडविलें नाहीं. उलट अक्षरें सरळ येत आहेत कीं नाहींत याविषयीं आम्ही सल्ला देत होतों. तीन अक्षरें पुरीं झालीं, इतक्यांत गुरुजी तेथें आले. आतां निदान शब्दांचा मार तरी बसणार असें वाटून आम्ही सारे स्तब्ध राहिलों. परंतु गुरुजी रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, "नांव कोरण्याची हौस या डोंगरावर फार जुनी आहे. ज्यांचीं नांवें येथें सुमारें दोन हजार वर्षें टिकलीं, तीं आधीं पाहूं. मग तुझें नांव त्या पंक्तीस बसतें कीं काय, तें तूंच सांग."

त्या दिवशीं जें पाहिलें, व पुढें दोन महिने पुस्तकें, नकाशे व चित्रें यांच्या साहाय्यानें जें वाचलें, त्याचा हा गोषवारा आहे. आमचा अभ्यास नाशिकांत सुरू झाला व चीन देशापर्यंत गेला. हें कसें झालें तें पुढें कळेलच.

त्रिरश्मीवरील नांवें

या डोंगराचें जुनें नांव त्रिरश्मि. तेथील प्राकृत लेखांत तें 'तिरण्हु' असें आढळतें. डोंगराच्या उत्तरेकडील अंगास चोवीस लेणीं आहेत. पांडवांशीं त्यांचा संबंध नाहीं. तीं बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठीं व उपासनेसाठीं कोरलेलीं आहेत, व त्यांतील सर्वांत जुनीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं आहेत.

एकोणिसाव्या लेण्यांतील लेख सांगतो कीं, सातवाहन कुळांतील कृष्ण राजा राज्य करीत असतां नाशिकच्या महामात्रानें हें लेणें करविलें. आपल्या गांवाचें नांव ज्या अगदीं जुन्या लेखांत आढळतें, त्यांपैकीं हा एक होय. सतराव्या लेण्यांत इंद्राग्निदत्ताचें नांव आहे. हा धर्मदेवाचा पुत्र, उत्तरेकडील दत्तामित्री येथील योनक, म्हणजे ग्रीक वंशाचा होता. त्यानें आपल्या आईबापांप्रीत्यर्थ लेणें, चैत्यगृह व पाण्याच्या पोढी कोरवून चारी दिशांकडून येणाऱ्या भिक्षुसंघास अर्पण केल्या. आठव्या लेण्याचा दाता मुगुदास हा कोणी राजा किंवा श्रीमंत नव्हता. अभ्यासकांच्या मतें तो एक कोळी होता. तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्री या राजमातेनें आपल्या पराक्रमी पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी दगडावर लिहवून ठेविली आहे.

ज्या दहाव्या लेण्यांत आमच्या सोबत्यानें कर्कटक चालविलें, तें नहपान राजाचा जांवई उषवदात यानें करविलेलें आहे. त्याचा लेख म्हणजे गणिताचा एक धडाच होय. त्यानें तीन हजार कार्षापण या लेण्यासाठीं कायम ठेव म्हणून गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेविले. त्यांपैकीं दोन हजारांस दरमहा शेंकडा एक, व उरलेल्या एक हजारास दरमहा शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें. दोन हजारांचें वर्षाचें व्याज दोनशें चाळीस होतें; व लेख म्हणतो कीं, या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रांसाठीं द्यावे. वीस गुणिले बारा, बरोबर दोनशें चाळीस! आम्हीं तो हिशेब तेथेंच वहीवर मांडून पाहिला, तेव्हां आम्हांस जो आनंद झाला तो वर्गांतील कोणत्याही उदाहरणानें झाला नव्हता. मुद्दलास हात न लावतां व्याजावर धर्मकृत्य चालवावें, ही युक्ति आपल्या नाशिकच्या कोष्ट्यांस त्या काळींही ठाऊक होती.

मग गुरुजींनीं विचारलें, "या सर्व नांवांत समान काय आहे?" थोड्या वेळानें उत्तर सुचलें: ज्यानें कांहीं दिलें, त्याचें नांव लिहिलें गेलें. नांव हें दानाच्या मागून आलें. आमच्या सोबत्याचें नांव मात्र दानावांचून आलें होतें. एवढेंच नव्हे, तर दुसऱ्याच्या दानास ओरखडा काढून आलें होतें.

चीनहून आलेला पाहुणा

त्यानंतर गुरुजींनीं एका अशा प्रवाशाची गोष्ट सांगितली, कीं ज्यानें आपल्या देशांत एकाही दगडावर ओरखडा न काढतां आपलें नांव अमर केलें. हा प्रवासी म्हणजे चिनी भिक्षु ह्युएनत्संग. बौद्ध ग्रंथांचे शुद्ध पाठ मिळावे म्हणून तो चांगान नगरांतून एकटाच निघाला, वाळवंट व हिमाच्छादित पर्वत ओलांडून भारतांत आला, नालंदा येथें शिकला, व सारा देश फिरून इ. स. ६४५ मध्यें स्वदेशीं परतला. त्यानें बरोबर ६५७ ग्रंथ नेले. पुढील सुमारें एकोणीस वर्षें त्यानें त्यांच्या भाषांतरांत घालविलीं, व इ. स. ६६४ मध्यें देह ठेविला.

इ. स. ६४१ च्या सुमारास ह्युएनत्संग महाराष्ट्रांत आला होता. तेव्हां येथें चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. पाहुण्यानें आपल्या पूर्वजांचें जें वर्णन लिहून ठेविलें आहे, तें प्रत्येक मराठी मुलानें वाचण्यासारखें आहे. येथील जमीन सुपीक आहे, लोक साधे, प्रामाणिक व मानी आहेत. उपकार करणाऱ्याचे ते ऋणी राहतात, अपमान करणाऱ्यास सोडीत नाहींत. संकटांत कोणी हांक मारली तर स्वतःचा विचार न करतां धांवून जातात. शत्रूवर चालून जाण्यापूर्वीं त्यास सूचना देतात, व शरण आलेल्यास मारीत नाहींत, असा त्याच्या वर्णनाचा सारांश आहे. बलाढ्य हर्षवर्धनासही हा देश जिंकतां आला नाहीं, हें त्यानें आवर्जून नमूद केलें. या राज्यांत शंभरांहून अधिक विहार व सुमारें पांच हजार भिक्षु होते, असेंही तो सांगतो.

राजधानीविषयीं तो लिहितो कीं, तिचा घेर तीस ली असून तिच्या पश्चिमेस मोठी नदी आहे. ली हें चिनी माप सुमारें अर्ध्या किलोमीटरचें होतें. हें नगर म्हणजे आपलें नाशिकच, असें मत फ्लीट या विद्वानानें मांडलें होतें. इतरांनीं दुसरीं नांवें सुचविलीं. त्या वादाचा निकाल कांहींही लागो. आपल्यास घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. परदेशांतील एका गांवीं गेल्यावर या गृहस्थानें त्याचा घेर मोजला, नदी कोणत्या दिशेस आहे तें पाहिलें, जमीन व हवा कशी आहे तें विचारलें, लोकांचा स्वभाव न्याहाळला, आणि हें सर्व लिहून ठेविलें. राज्याच्या पूर्व सीमेवरील एका दरींतल्या विहाराचेंही वर्णन त्यानें केलें आहे. तें अजिंठ्याचें असावें असें अभ्यासक मानतात.

त्यानें आणलेले ग्रंथ सुरक्षित राहावे म्हणून चांगान येथें इ. स. ६५२ मध्यें एक मनोरा बांधण्यांत आला. चांगानला आज शिआन म्हणतात. 'महाहंस मनोरा' या अर्थाच्या नांवानें प्रसिद्ध असलेला तो मनोरा अनेकदां दुरुस्त होऊन आजही उभा आहे. आपल्यापैकीं कोणास चीनला जाण्याचा योग आला, तर त्यानें प्रथम तेथें जावें. कारण आपल्या पूर्वजांचा एक साक्षीदार त्या मनोऱ्याशीं जोडलेला आहे.

सह्याद्रीची विद्या चीनमध्यें

डोंगर पोखरून त्यांत देवालय व मठ करण्याची विद्या भारतांतून वायव्येकडे गेली. तेथून मध्य आशियांतील व्यापारी मार्गांनीं ती चीनमध्यें पोंचली. म्हणून चीनमधील लेणीं हीं आपल्या लेण्यांचीं दूरचीं भावंडें होत. त्यांतील तीन स्थळें विशेष प्रसिद्ध असून तिन्ही युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत आहेत.

पहिलें मोगाओ. हें वाळवंटाच्या कडेस तुनहुआंग गांवाजवळ आहे. इ. स. ३६६ मध्यें एका भिक्षूस या कड्यावर सोनेरी प्रकाशांत सहस्र बुद्धांचें दर्शन झालें, व त्यानें तेथें पहिली गुहा खोदली, अशी परंपरा आहे. त्यानंतर सुमारें एक हजार वर्षें हें काम चालू होतें. चित्रांनीं व मूर्तींनीं सजविलेल्या ४९२ गुहा तेथें आज आहेत; भित्तिचित्रांचें क्षेत्रफळ सुमारें ४५,००० चौरस मीटर भरतें, व रंगीत मूर्ति दोन हजारांवर आहेत.

येथें एक शास्त्रीय भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. आपला सह्याद्रि लाव्हारसाच्या थरांनीं झाला असल्यामुळें त्याचा दगड काळा, कठीण व एकजीव असतो. त्यांतून खांब, मूर्ति व नक्षी सरळ कोरून काढतां येते. मोगाओचा कडा वाळू व गोटे यांच्या घट्ट झालेल्या थरांचा आहे. त्यांत छिन्नी चालवूं गेल्यास गोटेच निखळून पडतात. म्हणून तेथील कारागिरांनीं भिंतींस मातीचा गिलावा देऊन त्यावर चित्रें काढलीं, व लांकडी सांगाड्यावर गवत आणि माती लिंपून मूर्ति घडविल्या. कल्पना तीच राहिली, परंतु दगड बदलतांच हात बदलला.

दुसरें युनगांग. हें दातोंग शहराजवळ असून तेथील मुख्य काम इ. स. ४६० च्या सुमारास तानयाओ या भिक्षूच्या देखरेखीखालीं सुरू झालें. तेथील दगड वालुकाश्म आहे. लहानमोठ्या मिळून सुमारें ५१,००० मूर्ति तेथें असून सर्वांत मोठी सतरा मीटर उंच आहे.

तिसरें लोंगमेन. हें लोयांग शहराजवळ यी नदीच्या दोन्ही तीरांवर, चुनखडीच्या कड्यांत आहे. गुहा व कोनाडे मिळून २,३०० वर, मूर्ति सुमारें एक लाख, व शिलालेख सुमारें २,८०० आहेत. येथील सर्वांत भव्य बुद्धमूर्ति १७ मीटरांहून उंच असून ती इ. स. ६७५ मध्यें पूर्ण झाली. तिच्यासाठीं सम्राज्ञी वू हिनें आपल्या शृंगारसामग्रीच्या खर्चांतून वीस हजार नाण्यांच्या माळा दिल्याचें तेथील लेखांत नमूद आहे. लेखांत राजघराण्याप्रमाणेंच साध्या माणसांचींही दानें आहेत. आमच्या वर्गांत हें वाचलें गेलें तेव्हां आम्हांस एकदम उषवदात, बलश्री आणि मुगुदास आठवले. देश वेगळा, लिपि वेगळी, परंतु रीत एकच: आधीं दान, मग नांव.

लुटारूंचीं नांवें

येथवर लिहून आम्ही थांबलों असतों तर हा लेख गोड झाला असता. परंतु तो खरा झाला नसता. या स्थळांचा जो नाश झाला त्याची हकीकतही सांगितली पाहिजे.

मोगाओ येथें इ. स. १९०० मध्यें वांग नांवाच्या एका साधूस बुजविलेली एक लहान खोली सांपडली. तिच्यांत हस्तलिखितें, चित्रें व छापील पट मिळून सुमारें पन्नास हजार वस्तु जवळजवळ नऊशें वर्षें कोंडलेल्या होत्या. वांग गरीब होता, व गुहांच्या डागडुजीसाठीं त्यास पैसा हवा होता. १९०७ मध्यें ऑरेल स्टाइन व १९०८ मध्यें पॉल पेलिओ यांनीं त्याजकडून थोडक्या रकमेंत हजारों हस्तलिखितें नेलीं. इ. स. ८६८ मध्यें छापलेलें 'वज्रच्छेदिका' सूत्र, म्हणजे तारीख दिलेल्या छापील पुस्तकांपैकीं जगांतील सर्वांत जुनें, आज लंडनमध्यें आहे. १९२१ मध्यें रशियांतील यादवींतून पळून आलेल्या कांहीं शेंकडा सैनिकांस या गुहांतच ठेवण्यांत आलें. त्यांच्या चुलींच्या धुरानें चित्रें काळवंडलीं व त्यांच्या हातच्या खुणा भिंतींवर राहिल्या. १९२४ मध्यें लँग्डन वॉर्नर या अमेरिकन अभ्यासकानें कांहीं चित्रें चिकट द्रव्यानें भिंतीवरून उपटून नेलीं. लोंगमेन येथील एका गुहेंतील सम्राट व सम्राज्ञी यांच्या मिरवणुकीचे कोरीव देखावे १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत तोडून विकले गेले. ते आज अमेरिकेंतील दोन संग्रहालयांत आहेत.

आपल्या घरचीही गोष्ट याहून निराळी नाहीं. २८ एप्रिल १८१९ रोजीं जॉन स्मिथ नांवाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या नादांत अजिंठ्यास पोंचला, व दहाव्या लेण्यांतील चित्रित खांबावर त्यानें आपलें नांव व तारीख कोरून ठेविली. जगास अजिंठा पुन्हां कळला तो त्याच्यामुळें, हें खरें. पण ज्या चित्रानें त्यास चकित केलें, त्याच चित्रावर त्यानें चाकू चालविला, हेंही तितकेंच खरें. ह्युएनत्संगानें एक पुस्तक लिहिलें आणि स्मिथानें एक खांब खरडला. दोघांचीं नांवें टिकलीं आहेत. परंतु एकाचें नांव आपण आदरानें घेतों, व दुसऱ्याचें कपाळास आंठी घालून घेतों.

राखण कशी करतात

नाशाची गोष्ट सांगितली, आतां रक्षणाची सांगूं. मोगाओ येथें १९४४ मध्यें एक संशोधनसंस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक चांग शुहोंग हे पॅरिसमध्यें चित्रकला शिकलेले होते. त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं त्या ओसाड जागीं राहून गुहांत सांचलेली वाळू उपसली, दारें बसविलीं व चित्रांच्या नकला केल्या. पुढें असें दिसून आलें कीं, पाहणाऱ्यांच्या श्वासांतील ओलाव्यानेंही भिंतींतील क्षार जागे होऊन रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणजे नुसतें जवळ उभें राहण्यानेंसुद्धां हानि होते! यावर उपाय म्हणून २०१४ मध्यें गुहांपासून दूर एक केंद्र उघडण्यांत आलें. प्रवाशांनीं प्रथम तेथें चित्रपटावर गुहा पाहाव्या, व नंतर ठराविक संख्येनें, थोडा वेळ, मोजक्या गुहांत जावें, अशी व्यवस्था आहे. गुहांत छायाचित्रें घेण्यास मनाई आहे.

युनगांगचा शत्रु कोळशाची धूळ होता. दातोंग हें कोळशाच्या खाणींचें शहर. कोळशाचीं वाहनें लेण्यांच्या अगदीं समोरून जात, व धुळीचे थर मूर्तींवर बसत. १९९८ मध्यें तो हमरस्ताच दूर हटविण्यांत आला. चीनच्या प्रसिद्ध महाभिंतीच्या विटा आसपासच्या लोकांनीं घरांसाठीं पिढ्यान् पिढ्या नेल्या. १ डिसेंबर २००६ पासून विटा किंवा माती नेणें, तसेंच भिंतीवर नांवें कोरणें, यांस नियमानें बंदी करण्यांत आली.

डोंगरांचीही अशीच निगा करावी लागते. हुआंगशान, म्हणजे पीत पर्वत, आपल्या उंच खडकांविषयीं, खडकांतून उगवलेल्या देवदारासारख्या वृक्षांविषयीं व ढगांच्या समुद्राविषयीं प्रसिद्ध आहे. त्याचीं दोन थोर शिखरें आळीपाळीनें कांहीं वर्षें बंद ठेवितात. शेतकरी जशी जमीन पडीक ठेवितो तशी शिखरास विश्रांति देतात. ताई पर्वतावर पायऱ्यांची लांबच लांब वाट आहे, व वाटेवर एक हजारांहून अधिक शिलालेख आहेत, इ. स. ७२६ मध्यें एका सम्राटानें कोरविलेला मोठा लेख त्यांतच आहे. हा डोंगर १९८७ मध्यें सृष्टि व संस्कृति या दोहोंसाठीं जागतिक वारसा ठरला. लेशान येथें तीन नद्यांच्या संगमावर ७१ मीटर उंचीची बुद्धमूर्ति कड्यांतून कोरलेली आहे. इ. स. ७१३ मध्यें आरंभिलेलें हें काम ८०३ मध्यें संपलें. पावसाचें पाणी मुरून दगड झिजूं नये म्हणून कारागिरांनीं मूर्तीच्या केसांत व कानांमागें गुप्त पन्हळी ठेविल्या आहेत. तें वाचून आम्हांस त्रिरश्मीवरील पोढी आठवल्या. पाण्याचा विचार जो आधीं करतो, त्याचेंच काम टिकतें.

आपल्याकडेही २०१२ मध्यें सह्याद्रीचे अनेक भाग जागतिक वारसा ठरले. त्यांत साताऱ्याजवळील कासचें पठार आहे; फुलांच्या हंगामांत तेथें रोज ठराविक लोकांसच सोडतात. अजिंठ्यास हा मान १९८३ मध्यें मिळाला. पांडवलेणीं त्या यादींत नाहींत. परंतु तीं राष्ट्रीय महत्त्वाचें संरक्षित स्मारक आहेत. १९५८ च्या कायद्याप्रमाणें, २०१० मध्यें झालेल्या दुरुस्तीनंतर, अशा स्मारकास विद्रूप करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. आमच्यापैकीं एकासही हें ठाऊक नव्हतें. तथापि शिक्षेच्या भयानें हात आवरणें हें शहाणपणाचें पहिलेंच पाऊल होय, शेवटचें नव्हे.

चीनमधील एक मराठी नांव

नांवांची ही कथा एका मराठी नांवानें संपविणें उचित होईल. सोलापूर येथें १० ऑक्टोबर १९१० रोजीं जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस हे १९३८ मध्यें पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेले. जपानशीं युद्ध चाललें होतें. सोबती परतले, पण हे तेथेंच राहिले; चिनी भाषा शिकले, डोंगराळ रणभूमीवर अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या, १९४१ मध्यें तेथील बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच त्यांचा अंत झाला. शिच्याच्वांग शहरांतील स्मृतिवनांत त्यांची समाधि व पुतळा आहे. व्ही. शांताराम यांनीं १९४६ मध्यें त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला.

त्या समाधीवरील नांव कोटणिसांनीं स्वतः कोरलें नाहीं. ज्या परक्या लोकांचे प्राण त्यांनीं वांचविले, त्यांनीं तें कोरलें. सोलापूरच्या या सुपुत्राचें नांव त्रिरश्मीवरील दात्यांच्या पंक्तींत शोभेल, यांत संशय नाहीं.

सहलीस जाणाऱ्यांस

विद्यार्थिबंधु व भगिनींनो, चीनला जाण्याचा योग सर्वांस येईलच असें नाहीं. परंतु ह्युएनत्संगासारखें पाहणें पांडवलेण्यांतही साधतें. आम्हीं स्वतःसाठीं जे नियम ठरविले आहेत, ते येथें देतों. (१) निघण्यापूर्वीं त्या स्थळाविषयीं एक तरी पान वाचावें. (२) तेथें गेल्यावर एक तरी वस्तु मोजावी. खांब, पायऱ्या, काय वाटेल तें. मोजणारा डोळा उगाच भटकत नाहीं. (३) दगड कोणता, पाणी कोठून येतें व कोठें जातें, तें पाहावें. (४) भिंतीस हात लावूं नये. (५) घरीं येतांच पाहिलेलें लिहून काढावें. (६) कोणी कोरूं लागला तर त्यास अडवावें. हा शेवटचा नियम आम्हांस सर्वांत महाग पडला आहे. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलांस घेऊन कोठें गेलें असतां घाई करूं नये. एकच लेणें दाखवावें, पण तें नीट दाखवावें.

आतां गुरुजींच्या प्रश्नाचें उत्तर. लेख पाहून आम्ही दहाव्या लेण्यापाशीं परत आलों, तेव्हां आमचा सोबती बराच वेळ खांबाकडे पाहत उभा होता. "बसत नाहीं, गुरुजी," एवढेंच तो म्हणाला. ओरखडे घासून काढावे असें आमच्यांतील कांहींचें मत पडलें; परंतु घासण्यानें दगड आणखी जाईल, दुरुस्ती हें जाणत्यांचें काम आहे, असें गुरुजींनीं सांगितलें. तेव्हां तो आपण होऊन पहारेकऱ्याकडे गेला व झालेली चूक त्यानें कबूल केली. आम्ही त्याच्या मागें उभे राहिलों, कारण ती आमचीही चूक होती. पहारेकरी वयस्क होते. ते थोडा वेळ गप्प राहिले व मग म्हणाले, "बाळा, कोरणारे रोज येतात. सांगायला आलेला तूंच पहिला."

तीं तीन अक्षरें अजून त्या खांबावर आहेत. आम्ही शाळा सोडून जाऊं, म्हातारे होऊं, तरी तीं तेथें राहतील. वाचकांपैकीं कोणास तीं दिसलीं, तर त्यांनीं नांव पुरें करण्याचा प्रयत्न करूं नये. वर ओसरीच्या भिंतीकडे पाहावें, आणि बाराचा वीसशीं गुणाकार करावा.